अध्यक्ष महाराज, आधी हिला गप्प करा : मास इफेक्ट २ मधल्या दोन भांडणांचा अभ्यास

मास इफेक्ट २ हा व्हिडिओ गेम खेळत होते. मोहीम उरकून जहाजावर परतले, नकाशासमोर उभी राहिले, तेवढ्यात वैमानिक जोकरचा निरोप आला, माझ्या पथकातल्या दोघींबद्दल. मिरांडा आणि जॅकचं जुंपलंय, जहाजाची भिंत फुटायच्या आत जरा बघून घ्या. आणि जमलं तर फोटो काढा, असं वर त्याचं शेपूट.

लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर, मिरांडाच्या केबिनमध्ये. आत वस्तू भिरकावल्या जातायत. जॅक म्हणते, ही चीअरलीडर कबूलच करत नाही की सर्बरस संघटनेने माझं जे केलं ते चूक होतं. मिरांडा म्हणते, ते खऱ्या अर्थाने सर्बरस नव्हतंच. पण तू मात्र एक चूक होतीस, हे दिसतंयच. मग संवादाचं चक्र पडद्यावर आलं. उजवीकडे दोन सरळ पर्याय, मिरांडाचं बरोबर किंवा जॅकचं बरोबर. डावीकडे दोघींना शांत करायचे दोन रंगीत पर्याय, एक निळा आणि एक लाल. माझ्याकडे ते दोन्ही करडे झालेले. दिसत होते, निवडता येत नव्हते.

मी जॅकची बाजू घेतली. मिरांडाची निष्ठा गेली. आणि पुढे बऱ्याच तासांनी, शेवटच्या मोहिमेत, टाली नावाची तिसरीच साथीदार मेली. या भांडणाशी टालीचा काडीचा संबंध नव्हता.

टाली का मेली ते सांगायचंच आहे, पण हा लेख तेवढ्यासाठी नाही. रोल-प्लेइंग गेममध्ये आपल्याबरोबर हिंडणारे साथीदार आपल्याशी तासन्‌तास बोलतात. एकमेकांशी किती बोलतात, हे तपासायला या एका केबिनमधला प्रसंग मला फार उपयोगी वाटतो. (गेम २०१० सालचा आहे, त्यामुळे शेवट फोडल्याबद्दल माफी मागत नाही.)

दोघी इथवर कशा आल्या

मास इफेक्ट २ कॅनडातल्या बायोवेअरचा, जानेवारी २०१० मध्ये आलेला. कमांडर शेपर्ड, म्हणजे खेळाडूचं स्वतःचं पात्र, सुरुवातीलाच मरते (माझी शेपर्ड बाई होती, म्हणून ‘मरते’), आणि सर्बरस नावाची मानववादी, अर्धी गुप्त, पुरती निर्ढावलेली संघटना दोन वर्षं खपून तिला पुन्हा उभी करते. त्या कामाची प्रमुख मिरांडा लॉसन. तिच्या श्रीमंत बापाने तिला जनुकं जुळवून ‘निर्दोष’ बनवून घेतलेलं, आणि त्या बापाच्या तावडीतून सुटताना तिला आसरा दिला सर्बरसने. तिची सर्बरसवरची श्रद्धा तिथली आहे. पगाराची नोकरी म्हणून ती तिथे नाही.

जॅक याच्या बरोब्बर उलट. प्राजिया नावाच्या ग्रहावर सर्बरसच्याच एका केंद्रात लहान मुलांवर प्रयोग चालायचे. त्यांच्यातल्या बायोटिक शक्ती, म्हणजे हात न लावता वस्तू उचलण्या-फेकण्याची ताकद, वाढवायची म्हणून. जॅक त्यांतली सर्वांत यशस्वी ‘वस्तू’. ती तिथून पळाली, पुढे गुन्हेगारीत गेली, आणि शेपर्डला सापडते ती पर्गेटरी नावाच्या तुरुंग-जहाजावर. आपल्याला सोडवायला आलेलं जहाज सर्बरसचं आहे हे कळल्यावर ती यायला तयारच नसते. सर्बरसच्या सगळ्या फायली मला बघायला मिळाल्या पाहिजेत, या अटीवर येते. मिरांडाचा विरोध असतो. शेपर्डने परवानगी दिली की खोलीतून बाहेर पडताना जॅक मिरांडाला खिजवून जाते. भांडणाची ठिणगी तिथेच पडलेली आहे. नंतर केबिनमध्ये जे होतं तो भडका.

मग गेमचा मुख्य सांगाडा येतो : निष्ठा. मूळ गेममध्ये दहा साथीदार, डीएलसी (मूळ गेमला नंतर जोडायचे भाग) धरून बारा. प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं काम असतं. ते करून दिलं की तो ‘निष्ठावान’ होतो, आणि शेवटच्या जवळजवळ आत्मघातकी मोहिमेत त्याची जगण्याची आणि आपलं काम तडीस नेण्याची शक्यता वाढते. मिरांडाचं काम धाकट्या बहिणीला, ओरियानाला, बापापासून वाचवायचं. जॅकचं काम प्राजियावर जाऊन ते केंद्र बॉम्बने उडवायचं. ही दोन्ही कामं उरकली की भांडण लागतं. एकच उरकलं असेल तर लागत नाही.

या अटीकडे जरा थांबून बघा. दोघींमध्ये धुसफूस वाढत गेली, परवा जेवणाच्या टेबलावर एक टोमणा पडला, काल कुणीतरी कुणाचं ऐकलं नाही, असं काही घडत नाही. शेपर्डच्या खात्यात दोन नोंदी पूर्ण झाल्या की तिसरी आपोआप उघडते. भांडण दोघींचं, पण त्याचं घड्याळ आपल्या हातात.

अध्यक्ष महाराज

विधानसभेचं थेट प्रक्षेपण कधी पाहिलं असेल तर तुम्हाला ही पद्धत माहीत आहे. दोन आमदार एकमेकांवर कितीही तापले तरी बोलायचं अध्यक्षांकडे बघून. ‘अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्यांना हे शोभतं का?’ सदस्य चार हातांवर बसलेला, पण त्याला थेट विचारायची सोय नाही. हाउसिंग सोसायटीच्या सभेतही पाण्याच्या वेळेवरून दोन शेजारी हमरीतुमरीवर येतात तेव्हा थोड्याच वेळात दोघांची तोंडं चेअरमनकडे वळलेली असतात. मी हा प्रसंग खेळत होते तेव्हा मागे सोफ्यावर माझा मावसभाऊ मोबाइल चाळत पडला होता. त्याला गेममधलं ओ की ठो कळत नाही. तो मान वर करून म्हणाला, ‘या दोघी एकमेकींशी भांडतायत ना? मग तुझ्याकडे का बघतायत?’

तेच. जॅकची तक्रार शेपर्डला उद्देशून आहे, मिरांडाबद्दल. मिरांडा उत्तर देते त्यात एखादं वाक्य जॅकच्या अंगावर जातं, पण ते मारायला. समजावायला किंवा विचारायला नाही. त्यानंतर दोघी शेपर्डच्या तोंडाकडे बघत थांबतात.

आता यातला खरा वाद काय होता? प्राजियावर जॅकबरोबर गेलेल्या खेळाडूला तिथल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत एक गोष्ट ऐकू येते : केंद्रातले शास्त्रज्ञ आपल्या वरिष्ठांपासून, खुद्द सर्बरसच्या प्रमुखापासून, इल्यूसिव्ह मॅनपासून, काही लपवत होते. त्याला संशय येऊ लागला होता. म्हणजे मिरांडा म्हणते त्याला, ते सर्बरसमधलं भरकटलेलं टोळकं होतं या म्हणण्याला, थोडा आधार आहे. पण पैसा सर्बरसचा, माणसं सर्बरसची, आणि लहान मुलं मेली ती मेलीच. वर कुणी विचारलं नाही म्हणून हात झटकता येतात का, हा प्रश्न उरतोच. घोटाळा उघडकीला आला की ‘खालच्या पातळीवर झालं, आम्हाला कल्पना नव्हती’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की मिरांडाचा सूर ओळखायला अंतराळात जायची गरज नाही.

हा वाद पेटला पाहिजे होता. मिरांडाने ती मुद्रणं ऐकली पाहिजे होती. प्राजियाला जाताना जॅकबरोबर आणखी एक साथीदार नेता येतो, आणि ती जागा मिरांडाला देता येते. मी दुसऱ्यांदा खेळताना मुद्दाम दिली. तिने ते पाळणे, ती कोठडीवजा खाट, सगळं डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर केबिनमधलं भांडण शब्दाला शब्द तेच.

आणि निळा किंवा लाल पर्याय मिळाला तर काय होतं? शेपर्ड सांगते, मोहीम मोठी आहे, तुमचं हे नंतर. मिरांडा म्हणते, मोहीम होईपर्यंत मी मतभेद बाजूला ठेवीन. जॅक म्हणते, मीही कळ काढीन; हिला आधीच कुणी मारलं तर मग माझ्या वाट्याला काय. दोघी शेपर्डला कबुली देतात आणि पांगतात. गेम याला ‘सर्वोत्तम निकाल’ मानतो. दोघींची निष्ठा शाबूत, पडद्यावर सगळं हिरवं. गावाकडच्या तंटामुक्ती समितीतसुद्धा निदान दोन्ही पक्षांकडून कागदावर काहीतरी लिहून घेतात.

मला यात लेखकांचा आळस दिसत नाही. उलट जॅकसारखी बाई पाच मिनिटांत गळ्यात गळे घालती तर ते खोटं वाटलं असतं. तहकुबी हा खरा निकाल असू शकतो. अडचण अशी की तहकूब झालेलं प्रकरण पुन्हा कधी बोर्डावर येतच नाही.

करडे पर्याय

माझे ते दोन पर्याय करडे का झाले, हे थोडक्यात. गेममध्ये सज्जनपणाचे (निळे) आणि दांडगाईचे (लाल) गुण वेगवेगळे मोजले जातात. मास इफेक्ट २ मध्ये अवघड संवाद जिंकायला गुणांची एकूण बेरीज पुरत नाही. आतापर्यंत तुम्ही जिथे जिथे गेलात तिथे मिळू शकणाऱ्या गुणांपैकी तुम्ही किती मिळवलेत, ते प्रमाण बघितलं जातं. मी प्रसंग बघून वागत होते. एखाद्या लाचखोराला दम, एखाद्या घाबरलेल्या पोराला धीर. दोन्ही डब्यांत थोडं थोडं पडलं आणि एकही डबा भरला नाही. जो कायम साधू किंवा कायम गुंड, त्यालाच दोन बायकांचं भांडण सोडवता येतं, मधल्याला नाही. मोठं गमतीदार तत्त्वज्ञान आहे. खऱ्या आयुष्यात मध्यस्थी नेमकी त्याच माणसाला जमते जो कुणाला दम द्यायचा आणि कुणाला चहा पाजायचा हे ओळखतो.

जुने खेळाडू म्हणूनच सांगतात, या दोघींची कामं लवकर उरका, किंवा एकीचं मागे ठेवा. सल्ला बरोबर आहे. पण साथीदारांच्या नात्याबद्दलचा सल्ला नसून हिशेबाच्या वहीबद्दलचा आहे, हेही खरं.

गमावलेली निष्ठा परत मिळवता येते. गुण पुरेसे साठले की रुसलेलीकडे एकटं जायचं आणि समजूत घालायची. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. आणि यातही गंमत अशी की समजूत घालायला जायचं शेपर्डने. दुसरी तिकडे ढुंकूनही बघत नाही.

टाली का मेली

शेवटच्या मोहिमेत कलेक्टर नावाच्या परग्रही शत्रूच्या तळात शिरताना पथक विभागावं लागतं. एक तंत्रज्ञ तापलेल्या बोगद्यातून सरपटत जाऊन दार उघडतो. दुसऱ्या तुकडीला नायक लागतो. नायक नेतृत्वाला लायक हवा आणि निष्ठावान हवा. दोन्हींतलं एक जरी कमी असलं तरी शेवटच्या क्षणी दार बंद होताना तंत्रज्ञाला गोळा लागतो. मी बोगद्यात टालीला पाठवलं, आणि नायक केलं मिरांडाला. हुशार, कर्तबगार, पहिल्या मिनिटापासून बरोबर असलेली, तिच्याशिवाय कोण? तिची निष्ठा गेली होती हे मी तोवर विसरूनही गेले होते, कारण त्या केबिननंतर गेमने त्याची आठवणच करून दिली नव्हती.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं. मिरांडा वाचली, जॅक वाचली, टाली गेली.

हीच गोष्ट उलटी धरली तर जॅकच्या बाबतीतही आहे. पुढच्या टप्प्यावर किड्यांचे लोट येतात आणि एका बायोटिकने सगळ्यांवर कवच धरायचं असतं. ते काम जॅकला दिलं आणि तिची निष्ठा गेलेली असेल, तर कवच एका बाजूने ढासळतं आणि बरोबरच्यांपैकी एकाला किडे उचलून नेतात. शिक्षा पुन्हा तिसऱ्यालाच. आखणी म्हणून हे मला आवडतं. गटातल्या दोघांचं बिनसलं की भुर्दंड तिसऱ्याला बसतो, हे कोणत्याही ऑफिसात काम केलेल्याला पटेल. फक्त आखणीला जे कळलंय ते संवादाला कळलेलं नाही. टालीचं प्रेत पडलेलं असताना मिरांडा जॅककडे किंवा जॅक मिरांडाकडे एक नजर टाकती, तरी पुरलं असतं.

दुसरं भांडण

याच गेममध्ये आणखी एक जोडी भांडते, आणि ते भांडण वेगळं निघतं. टाली आणि लीजन.

टाली क्वेरियन. तिच्या लोकांनी गेथ नावाची यंत्रं बनवली, ती विचार करू लागली, घाबरून क्वेरियनांनी ती संपवायचा प्रयत्न केला, आणि स्वतःच हरून मातृग्रह रॅनॉख सोडून पळाले. त्याला सुमारे ३०० वर्षं झाली. तेव्हापासून अख्खी जमात जहाजांच्या ताफ्यावर राहते. लीजन गेथ आहे. एका धडात ११८३ प्रोग्रॅम नांदतात, म्हणून तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. (मराठीत ‘आम्ही’ म्हणणारा एकतर राजा असतो नाहीतर संपादक. लीजन दोन्ही नाही, आणि त्याचं ‘आम्ही’ ऐकताना सुरुवातीला मला उगाच दरारा वाटायचा.)

टालीच्या निष्ठा-मोहिमेत कळतं की तिच्या बापाने गेथांच्या सुट्या भागांवर शस्त्रांचे प्रयोग चालवले होते. भाग टालीनेच गोळा करून पाठवलेले. गेथ जागे झाले आणि जहाजावरचं कुणी उरलं नाही, बापही नाही. लीजनच्या मोहिमेत वेगळ्या वाटेने गेलेल्या गेथांचं काय करायचं ते ठरतं. दोन्ही झाल्या की दवाखान्यामागच्या संगणक-कक्षात टालीने लीजनवर बंदूक रोखलेली दिसते. त्याने तिच्या उपकरणातून प्रयोगांची माहिती काढली आहे आणि तो ती गेथांना पाठवणार आहे.

वरवर चौकट तीच : दोघं, मधे शेपर्ड, चक्रावर तेच पर्याय. पण लीजनची बाजू ऐका. निर्माते आमच्यावर शस्त्रं तपासत होते, हे आमच्या लोकांना कळायला हवं. टालीची बाजू ऐका. ही माहिती गेली तर ताफा धोक्यात. दोघांकडे आज, आत्ता करायचं काहीतरी आहे. मिरांडा आणि जॅकचा वाद झालेल्या गोष्टीला नाव काय द्यायचं याचा होता. इथला वाद पुढच्या दहा मिनिटांत एक संदेश जाणार की नाही याचा आहे. म्हणून तो सुटू शकतो.

आणि सुटतो तेव्हा शेपर्डचं काम अर्ध्यातच संपतं. पुढचं टाली बोलते, थेट लीजनशी. तुझा हेतू मला कळतो. ताफ्याला धोका होणार नाही अशी काही माहिती मीच तुला दिली तर? लीजन म्हणतो, आम्ही आभारी राहू. बस. चार वाक्यं असतील. पण त्या चार वाक्यांत एकाने दुसऱ्याला काहीतरी दिलं, आणि दुसऱ्याने घेतलं. दोघांचीही मान अध्यक्षांकडे वळलेली नव्हती.

२०१२ च्या तिसऱ्या भागात क्वेरियन आणि गेथ पुन्हा युद्धाला उभे राहतात तेव्हा, दोघांत समेट घडवता येतो की नाही हे ज्या बाबींवर ठरतं त्यांत या संगणक-कक्षातल्या भांडणाचा निकालही धरलेला आहे. म्हणजे इथे वहीनेही लक्षात ठेवलं. समेट झालाच, तर सगळ्या गेथांना स्वतंत्र बुद्धी देण्यासाठी लीजन स्वतःला संपवतो. या यंत्राला आत्मा आहे का, असा प्रश्न फार पूर्वी एका गेथने आपल्या मालकाला विचारला होता, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं होतं. निघताना टाली लीजनला सांगते की तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ होतं. तो म्हणतो, मला माहीत आहे, टाली, पण तुझे आभार. एरवी तो तिला ‘निर्माती टाली’झोरा’ म्हणतो. आणि एरवी ‘आम्ही’ म्हणतो.

तिथे शेपर्ड बाजूला उभी असते. माझ्या हातात कंट्रोलर होता आणि दाबायला काही नव्हतं. मी दहा-बारा गेम असे खेळले असतील ज्यांत साथीदार माझ्यावर प्रेम करत होते. त्यांतल्या कुणाचं एवढं आठवत नाही.

लिफ्टमधल्या गप्पा

न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की हे काम महाग आहे. दहा साथीदारांच्या जोड्या ४५ होतात, बारांच्या ६६. प्रत्येक जोडीला तीन गप्पा लिहायच्या म्हटल्या तर जवळपास दोनशे प्रसंग, सगळे कलाकारांच्या आवाजात. त्यात हा मेला असेल, तो रुसला असेल, ही शेपर्डच्या प्रेमात असेल, तिला तुम्ही अजून भेटलाच नसाल. आणि खेळाडू मोहिमेवर एका वेळी दोघांनाच नेतो, त्यामुळे यातलं बहुतेक त्याच्या कानावर पडणारच नाही.

पहिल्या मास इफेक्टने, २००७ साली, यावर फार स्वस्त तोडगा काढला होता. सिटाडेल या अंतराळस्थानकावरच्या लिफ्ट. अती हळू, कारण मागे पुढचा भाग लोड होत असायचा. त्या वेळात बरोबरचे दोघं एकमेकांशी बोलायचे. टालीला ताफ्यावरच्या जगण्याबद्दल विचारायचे, मधेच एकमेकांच्या जमातींवर शेरे मारायचे. शेपर्ड मधे गप्प उभी. खेळाडूंनी लिफ्टना शिव्या घातल्या आणि दुसऱ्या भागात लिफ्टच्या जागी लोडिंगचा पडदा आला. गप्पाही गेल्या. बनवणाऱ्यांना याची जाणीव होती, कारण दुसऱ्या भागात गॅरस (आणखी एक जुना साथीदार) आणि टालीला घेऊन सिटाडेलवर गेलात तर गॅरस तिला विचारतो, लिफ्टमधल्या त्या गप्पांची आठवण येते का ग? ती नाही म्हणते. तो हट्टाला पेटतो. अग, आपण सगळे तुला ताफ्याबद्दल विचारायचो, किती छान मोकळं बोलणं व्हायचं! ती म्हणते, विषय संपला. तो म्हणतो, तुझ्या रोगप्रतिकारशक्तीबद्दल पुन्हा सांग ना. ती म्हणते, माझ्याकडे शॉटगन आहे.

या दोघांचं नातं मला त्या अर्ध्या मिनिटात जितकं कळलं तितकं मिरांडा आणि जॅकचं सगळ्या गेममध्ये कळलं नाही. तिसऱ्या भागात शेपर्डचं दोघांपैकी कुणाशीच जुळलेलं नसेल तर गॅरस आणि टालीचं एकमेकांशी जुळतं, आणि ते आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही, ते या लिफ्टमुळे.

याच बायोवेअरने त्याआधी, २००० साली, बाल्डर्स गेट २ मध्ये आणखी टोक गाठलं होतं. तिथे केल्डॉर्न हा धर्मयोद्धा आणि व्हिकोनिया ही ड्रो (काळ्या एल्फ) जमातीची पुजारीण यांना एकत्र पथकात ठेवलंत तर कुरबुरी वाढत जातात आणि शेवटी दोघं एकमेकांच्या जिवावर उठतात. नायक तुमचा हिरवळीवर उभा राहून बघतो. तुमचं मत कुणी विचारत नाही. आवाज नसलेली मजकुराची खिडकी होती म्हणून ते परवडत होतं, हे मान्य. पण केल्डॉर्नला व्हिकोनियाचा राग होता तो तिच्यावरच होता, माझ्या मर्जीसाठी नव्हता.

मिरांडा-जॅकवर परत येते. तिसऱ्या भागात दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. जॅक चक्क एका अकादमीत मुलांना शिकवते, आणि ज्या मुलांना ती शिकवते त्यांच्यासाठी जीव टाकते. प्राजियावरून आलेल्या बाईचा हा सर्वांत सुंदर धागा आहे. मिरांडाने सर्बरस सोडलेलं असतं. म्हणजे केबिनमधल्या वादात जॅक जे म्हणत होती ते मिरांडाने मनोमन मान्य केलं, असं धरायला जागा आहे. पण ती हे जॅकला सांगत नाही. २०१३ च्या सिटाडेल डीएलसीतल्या पार्टीत दोघी समोरासमोर येतात, तेव्हा पुन्हा एकमेकींना डिवचतात, विनोदी अंगाने. मजा येते. शेपर्ड मधे पडून काहीतरी चावट बोलू शकते. मी त्या पार्टीत बराच वेळ त्या कोपऱ्यात घुटमळत होते, की मिरांडा कधीतरी एवढंच म्हणेल, तुझं खरं होतं. नाही म्हणाली.

दुसऱ्या खेपेला मी सरळ साधूपणा केला, डबा काठोकाठ भरला, केबिनमध्ये निळा पर्याय चमकला, दोघींनी तहकुबी मान्य केली. टालीला बोगद्यात पाठवलं, मिरांडाला नायक केलं, दार वेळेत बंद झालं, टाली धापा टाकत उठून उभी राहिली. पुढच्या टप्प्यावर कवच धरायला जॅक. माझ्याबरोबर चालायला दोघं निवडायचे होते, त्यात मी मुद्दाम मिरांडाला घेतलं.

तो पट्टा बराच लांब आहे. बाहेर काळे लोट घोंघावतात, आत निळसर उजेडाचा एक घुमट, आणि घुमटाच्या मध्यभागी हात वर धरून एकेक पाऊल टाकणारी जॅक. तिचा हात जरा खाली आला की संपलं. मिरांडा तिच्यापासून चार पावलांवर होती. मी गोळीबार थांबवून थोडा वेळ नुसता कॅमेरा त्या दोघींवर फिरवत राहिले. मिरांडाने बंदूक भरली, पुढे बघितलं, आणि एका खांबाआड जाऊन बसली.